मधुमती नावाचा मुहम्मद

शके ८४८, म्हणजे इसवी सन ९२६. उत्तर कोकणातल्या संजाण इथल्या एका मठाला गाव दान दिलं जातं. राजा आहे राष्ट्रकूट तिसरा इंद्र, पण त्याची राजधानी मान्यखेट, समुद्रापासून कितीतरी लांब. प्रत्यक्ष दान देतो तो इथला कारभार पाहणारा त्याचा अधिकारी. ताम्रपट त्याची ओळख करून देतो ती अशी: नाव मधुमती, दुसरं नाव सुगतिप, वडिलांचं नाव सहियारहार, कुळ ताजिक.

ताजिक म्हणजे अरब. मधुमती म्हणजे मुहम्मद आणि सहियारहार म्हणजे शहरियार.

तारापूरच्या खाडीपलीकडे चिंचणी आहे. तिथे १९५५ साली ताम्रपटांचा एक संच मिळाला. दिनेशचंद्र सरकार यांनी तो वाचून 'एपिग्राफिया इंडिका'त छापला. पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला आणि आता त्याचं मुख्यालय कोळगावात आहे. नवा जिल्हा म्हटलं की आपण त्याचा इतिहास तारापूर, केळवे, शिरगावच्या किल्ल्यांपासून, फार तर चिमाजी अप्पांच्या मोहिमेपासून सुरू करतो. चिंचणीचे पत्रे त्या मोहिमेच्या आठशे वर्षं आधीचे आहेत. या किनाऱ्याचं तेव्हाचं नाव त्यांत आहे: संयान मंडल. पुढे हंयमन असंही रूप येतं. आजचं संजाण ते हेच.

मधुमतीनं काय केलं? दुसऱ्या कृष्णानं हे मंडल त्याच्या हाती दिलं होतं. त्यानं आसपासच्या बंदरांचे अधिपती जिंकले आणि तिथे आपली माणसं नेमली. दोन प्रवाहांवर लोकांसाठी फुकट तर सुरू केली. संजाणात अन्नछत्र घातलं. तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप मिळायचं, तेही विनामूल्य. अण्णय्य नावाच्या ब्राह्मणानं संजाणात देवी भगवतीचा मठ बांधला होता. त्याच्या डागडुजीसाठी, देवीच्या नैवेद्यासाठी आणि तिथल्या ब्राह्मणांच्या जेवणासाठी मधुमतीनं राजाच्या संमतीनं कानाडुक हे गाव दिलं, शिवाय दुसऱ्या एका गावातली थोडी जमीन.

हा ताम्रपट आजच्या भांडणात ओढायचा मोह दोन्ही बाजूंना होईल. एकाला त्यात सर्वधर्मसमभावाची पाटी दिसेल, दुसऱ्याला बंदरं जिंकणारा परका. मला त्यात कामात मुरलेला माणूस दिसतो. बंदराचं उत्पन्न व्यापारावर अवलंबून, व्यापार खाड्या ओलांडण्यावर आणि मठासारख्या संस्था धरून ठेवण्यावर. हे ज्याला समजतं, तो तर सुरू करतो, मठाला गाव देतो आणि ताम्रपटावर राजाचं नाव आधी घालतो.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. दोन याद्यांतली नावं जुळवणं हा त्यातला कटकटीचा भाग. एकाच माणसाचं नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिलेलं असतं आणि यंत्राला ती दोन माणसं वाटतात. 'मुहम्मद' शोधणाऱ्याला चिंचणीचा पत्रा सापडलाच नसता. तो कोरणाऱ्यानं ऐकलेला आवाज आपल्या कानाला ओळखीच्या संस्कृत शब्दात बसवला, आणि तो शब्द मधाळ निघाला.

हे दोन्हीकडून चालू होतं. अरबांनी राष्ट्रकूटांच्या 'वल्लभराज' या बिरुदाचं 'बल्हरा' केलं. त्यांच्या ग्रंथांत सोपारा सुबारा होतं, संजाण सिंदान होतं, चौल सैमूर होतं. अल-मसूदी ९१६ साली चौलला आला होता. तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, असं तो लिहितो: सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे. मधुमतीच्या ताम्रपटाच्या दहाच वर्षं आधीची ही गोष्ट. तेव्हा संजाणात ताजिक अधिकारी असणं तितकंसं नवलाचं राहत नाही.

'ताजिक' या शब्दाचा प्रवास तर आणखी लांबचा. अरबांची एक टोळी तय्यी. इराणी लोकांना आधी भेटली ती ही, म्हणून त्यांनी सगळ्याच अरबांना तिच्या नावानं हाक मारली. तो शब्द इकडे संस्कृतात आला. इसवी सन ७३९च्या नवसारी ताम्रपटात ताजिक येतात ते शत्रू म्हणून. चालुक्य पुलकेशीनं त्यांच्या सैन्याला हरवलं. १८७ वर्षांनी, नवसारीपासून फार दूर नसलेल्या संजाणात, तोच शब्द राजाच्या अधिकाऱ्याचं कुळ सांगतो. मध्य आशियात मात्र त्याचा अर्थ उलटला. आधी अरब, मग मुसलमान, मग फारसी बोलणारे, आणि आज ताजिकिस्तान. आपल्याकडे तो पंचांगवाल्यांकडे टिकला. वर्षफळ मांडतात ते ताजिक ज्योतिष. नीलकंठाची 'ताजिकनीलकंठी' १५८७ सालची. त्यातला इत्थशाल, इसराफ, मुंथा हा सगळा मूळचा अरबी माल.

लोकांचं किंवा देशाचं नाव बहुधा असंच पडतं, शेजारी हाक मारेल तसं. इजिप्तचं पाहा. तिथले प्राचीन लोक आपल्या देशाला केमेत म्हणत, काळी माती. मेम्फिस शहरात प्ताह देवाचं मंदिर होतं, हूत-का-प्ताह. ग्रीकांनी त्याचं ऐगुप्तोस केलं आणि ते अख्ख्या देशाला लावलं. अरबांनी त्या देशाला मिस्र म्हटलं, आणि तिथले लोक आज तेच म्हणतात. ग्रीक नावाचा तुकडा उरला तो 'कॉप्ट' या शब्दात. याच इजिप्तमध्ये पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानं आपल्या किनाऱ्याची वही लिहिली, ती 'पेरिप्लस'. सोपाऱ्याचं नाव त्यात सुप्पारा असं आहे.

आपलं 'अपरांत'ही बाहेरूनच आलेलं वाटतं. अशोकाच्या पाचव्या शिलालेखात हा शब्द आहे. अपर म्हणजे पश्चिम, अंत म्हणजे टोक. मगधात बसलेल्याला कोकण पश्चिमेचं टोक दिसणार. सातपाटीच्या किंवा नवापूरच्या माणसाला पश्चिमेला टोक नाही, समुद्र आहे, आणि त्यातून माणसं येतात. अरब आले, पारशी संजाणला उतरले, पोर्तुगीज आले. पोर्तुगीजांना आपण फिरंगी म्हटलं, म्हणजे फ्रँक. ते फ्रँक नव्हते. अरबांनी पश्चिम युरोपातल्या सगळ्यांनाच तसं म्हटलं आणि आपण त्यांचा शब्द घेतला. नवसारीच्या ताजिकांनंतर बरोबर हजार वर्षांनी, जानेवारी १७३९ मध्ये, तारापूरचा किल्ला फिरंग्यांकडून घेताना बाजी भिवराव रेठरेकर पडले.

या नादात कुठेही काहीही जुळवता येतं. मधुमतीनं दिलेलं गाव कोलिमहार नावाच्या विषयात होतं. विषय म्हणजे आजच्या तालुक्यासारखा भाग. कोळगावाशेजारी बसून 'कोलि' वाचलं की मन उडी मारतंच. पण आवाज जुळणं हा पुरावा नव्हे. मधुमतीचा मुहम्मद ठरतो तो शेजारी 'ताजिक' कोरलंय म्हणून, आणि बापाचं नाव फारसी आहे म्हणून.

राष्ट्रकूट गेले, संजाण मोढ घराण्याकडे आलं. त्याच संचातल्या शके ९५६च्या, म्हणजे १०३४ सालच्या पत्र्यात चामुंडराजानं भगवतीच्या मठाला तेलाचा एक घाणा दिला. तेल देवीपुढच्या दिव्याला आणि मठात येणाऱ्या विद्वानांच्या पायांना लावायला. हे दान ज्यांना कळवलं त्या गावच्या प्रमुख माणसांत अल्लिय, महर आणि मधुमत ही नावं आहेत. पहिला अधिकारी होऊन शंभर वर्षं उलटली होती, हे गावातलेच.

१ मे १९६० रोजी उंबरगाव तालुका ठाणे जिल्ह्यातून गुजरातेत गेला आणि त्याच्याबरोबर संजाणही. मठाचं गाव सीमेच्या पलीकडे, ताम्रपट सापडले ते चिंचणी अलीकडे. मधली गाडी डहाणू, घोलवडवरून जाते.