मूल नको म्हणणारे घर

नायगाव म्हटले की शिक्षकबंधूंना सावित्रीबाई फुल्यांचे जन्मगाव आठवते. ते नायगाव सातारा जिल्ह्यातले, खंडाळा तालुक्यातले. आज मी आरंभ करतो तो वसईच्या नायगावापासून. मुंबईहून पश्चिम रेल्वेने येताना भाईंदरची खाडी ओलांडली की लागणारे, मिठागरांचे आणि कोळीवाड्याचे हे गाव. दुसऱ्या नायगावाकडे मागाहून वळू.

वसईच्या या पट्ट्यात देवळे आहेत तशी चर्चही आहेत. इथेच जन्मलेला गोन्सालो गार्सिया व्यापार सोडून फ्रान्सिस्कन संघात बंधू झाला. १५९७ साली जपानात नागासाकीला त्याला क्रुसावर मारण्यात आले आणि १८६२ साली तो संत ठरला. त्याच्या नावाचे कॉलेज वसईत आहे. आपल्या काळातले फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले; उस्मानाबादला २०२० साली भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, २०२४ साली वारले. या माणसांचा वंश बुडाला म्हणून कोणी हळहळले काय? हिंदूंकडे तरी वेगळे काय आहे? समर्थ रामदास बोहल्यावरून पळाले ही गोष्ट आपण वर्गात मुलांना कौतुकाने सांगतो.

तेव्हा नुसते निपुत्रिक असणे समाजाला एवढे खुपत नाही. व्रत म्हणून, देवासाठी म्हणून कोणी मुलांवाचून राहिला तर आपण त्याच्या पाया पडतो. पण लग्न करून, संसार मांडून नवराबायकोने मूल नको म्हणावे, हे मात्र सोसवत नाही. ‘पाणी पाजायला कोण?’ हा प्रश्न नवऱ्याला विचारतात. बायकोला विचारायच्या आधीच वांझ म्हणून मोकळे होतात. ओटी भरायला तिला बोलवत नाहीत, डोहाळजेवणाला ती समोर आलेली चालत नाही. दोष कोणाचा, की मुळात दोषच नाही, याची चौकशी कोणी करीत नाही.

आता साताऱ्याच्या नायगावची लेक पाहा. जोतीराव आणि सावित्रीबाईंना मूल झाले नाही. ते त्यांनी ठरवलेले नव्हते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. जोतीरावांनी ठरवले ते इतकेच, की त्यासाठी दुसरी बायको करायची नाही. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. १८६३ साली त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि पुढे १८७४ साली काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला.

मूल नकोच, असे विचारपूर्वक ठरवणारे प्रसिद्ध मराठी जोडपे त्यानंतरचे: रघुनाथ धोंडो कर्वे आणि मालतीबाई. रघुनाथराव हे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, जन्म १८८२. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ साली, आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. पुढे ते गणिताचे प्राध्यापक झाले. १९२१ साली, ज्या वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपले केंद्र उघडले त्याच वर्षी, कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. विल्सन कॉलेजच्या चालकांना हा उद्योग रुचला नाही. प्रचार सोडा की नोकरी सोडा असे झाले, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. लग्नापूर्वी गंगू गोखले असलेल्या मालतीबाई या सगळ्यात बरोबर होत्या. कामाला वाहून घेता यावे म्हणून मुले होऊ द्यायची नाहीत, हा निर्णय दोघांचा होता. लोकांना उपदेश करायचा तर आधी आपल्या घरात, असा तो करडा हिशेब.

जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. १९३१ साली अश्लीलतेच्या खटल्यात शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली दुसरा खटला झाला; त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी दोनशे रुपये दंड झालाच. मासिक थांबले नाही.

एवढा राग कशाचा? माझ्या मते तो साधनांचा होता. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगरबाई वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. मुले कमी असावीत हे गांधीजींना मान्य होते, पण संयमाने. साधने वापरून नव्हे. म्हणजे तिथेही व्रत चालत होते. कर्व्यांचे म्हणणे असे, की बाईने किती मुले व्हावीत, व्हावीत की नाही, हे ठरवायला तिला व्रताची गरज नाही. शरीर तिचे आहे. हे वाक्य आजही घराघरांत जड जाते. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला, तो फेटाळला गेला. कर्वे ऑक्टोबर १९५३ मध्ये वारले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९५२ साली, भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला होता.

त्यानंतर पाळणा लांबवा, पाळणा थांबवा हे शब्द खेड्यापाड्यांत गेले. सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्याला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, हा नियम तर आपल्याला तोंडपाठ आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रात बाईमागे सरासरी १.७ मुले आढळली. दोनाच्याही खाली! पण तीन नको, दोन पुरेत हे सांगायला सरकारी भिंती होत्या. एकही नको म्हणणाऱ्या सुनेसाठी कोणत्याच भिंतीवर ओळ नव्हती. नायगाव स्टेशनाजवळच्या नव्या इमारतींत नवराबायको दोघेही सकाळची लोकल पकडतात. त्यांतल्या एखादीला गावी जत्रेला गेल्यावर अजून विचारतात, ‘काय गं, गोड बातमी केव्हा?’ तिच्या नवऱ्याला विचारतात ते पगाराचे.