भंगार आणि भांगार

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, 'राजांचा इतिहास झाला, कारागिरांचा झाला, भंगार वेचणाऱ्यांचा कोणी सांगतं का?' प्रश्न आम्हाला बोचला. का बोचला, ते ओघात येईलच.

सुरुवात शब्दापासून करू. मराठीत भंगार म्हणजे मोडकंतोडकं, टाकाऊ. कोकणीत 'भांगर' म्हणजे सोनं. जुन्या मराठीतही 'भांगार' सोन्यालाच म्हणत. या दोन शब्दांचं नातं काय, त्या वादात आम्ही शिरत नाही. पण धातूच्या धंद्यात ही दोन टोकं फार दूर नाहीत. आपल्या घरांत तांब्या-पितळेचं फुटकं भांडं फेकत नसत. ते मोडीत घालून नवं घेत, मोडीचे पैसे वजा होत. 'मोडीत काढणे' हा वाक्प्रचार तिथला. म्हणजे भांडं मोडलं तरी धातूची किंमत मोडत नव्हती.

छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी श्वेतकेतूला हेच शिकवतो. मातीचा एक गोळा कळला की मातीची सगळी भांडी कळली, एक नखं काढायची नराणी कळली की लोखंडाच्या सगळ्या वस्तू कळल्या. रूपं आणि नावं बदलतात, द्रव्य तेच राहतं. आम्ही हा भाग वर्षानुवर्षं वर्गात शिकवला. पण याचं प्रात्यक्षिक रोज भंगाराच्या दुकानात चालतं, हे आम्हाला फार उशिरा दिसलं.

तिथे पंखा, सायकल, बादली ही नावं संपतात. उरतं ते लोखंड, बीड, पत्रा, पितळ, तांबं, जर्मन. जर्मन म्हणजे आपलं अ‍ॅल्युमिनियम. हातात लोहचुंबक. लोखंड चिकटतं, तांबं-पितळ चिकटत नाही. वायरीतल्या तांब्याला भाव चांगला, म्हणून काही जण वायर जाळून तांबं मोकळं करतात, आणि तो धूर त्यांच्याच छातीत जातो. वेचणारी बाई छोट्या दुकानात विकते, तिथून माल घाऊक व्यापाऱ्याकडे, तिथून भट्टीत. प्रत्येक टप्प्यावर किंमत वाढते, आणि सगळ्यात कमी वाटा पहिल्या हाताला.

मोठी उदाहरणंही आहेत. 'विक्रांत' ही विमानवाहू नौका १९६१ साली नौदलात आली, १९९७ साली निवृत्त झाली. काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. अखेर २०१४ साली दारूखान्यात तिची तोडणी सुरू झाली. तिच्या पोलादाचा काही भाग पुढे बजाजच्या एका मोटारसायकलीत वापरला गेला. तेव्हा देश हळहळला. धातूच्या आठवणीसाठी आपण हळहळतो. धातू वेचणाऱ्या हाताचं काय?

आता पुण्याकडे येऊ. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून अनेक कुटुंबं पुण्यात आली. त्यातल्या कितीतरी बायकांच्या वाट्याला कचराकुंडीच आली. बहुतेक दलित, बहुतेक निरक्षर. पोलिसांचा संशय, काट्यात मारलेलं माप, कुत्र्यांचे चावे हे रोजचं. १९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून काही कार्यकर्त्या त्यांच्यापर्यंत पोचल्या. हमाल पंचायतीचे बाबा आढाव पाठीशी होते. १९९३ साली पुण्यात परिषद भरली आणि 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. नावातच माल आहे बघा, आणि पुढे 'कष्टकरी'. आम्ही भिकारी नाही, चोर नाही, काम करतो, एवढंच म्हणणं. पुढे महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रं मिळाली. २००८ साली याच बायकांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला आणि त्या कुंडीवरून दारापर्यंत आल्या.

ओळखपत्राचा तुकडा एवढा महत्त्वाचा का? इथे आमची गोष्ट सांगावी लागेल. ओळखपत्रं यायच्या आधीची. आमच्या सोसायटीतला पितळी नळ नाहीसा झाला. पोतं घेऊन जाणाऱ्या एका बाईला रखवालदाराने अडवलं, पोतं फाटकातच उलटं केलं. डबे, खिळे, एक चेपलेलं जर्मनचं पातेलं. नळ नव्हता. ती खाली बसून एकेक खिळा पुन्हा गोळा करत होती. आम्ही गॅलरीत उभे होतो. दुसऱ्या दिवशी कळलं, नळ दुरुस्तीला गेला होता. कोणी तिला काही सांगितलं नाही. आम्हीही नाही. त्या आठवड्यात आम्ही वर्गात नाम-रूपाचा पाठ घेतला, तोही छान रंगला!

जुन्या अ‍ॅल्युमिनियमपासून नवं करायला खनिजापासून करण्याच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते. ते चेपलेलं पातेलं उचलून ती बाई शहरावर उपकारच करत होती. भंगार वितळवून सळ्या करणारे कारखाने मराठवाड्यातच, जालन्यात आहेत. पुण्यात वेचलेला एखादा खिळा तिथेही पोचत असेल. गाव सुटलेल्या बाईला मात्र परतीची वाट नसते.

द्रव्य तेच, फक्त नाव बदलतं, हे धातूबाबत आपण मान्य करतो. माणसाबाबत मात्र 'कचरेवाली' हे नाव चिकटलं की तेच द्रव्य समजतो. उद्या तुमच्या दारात जी येईल, तिचं खरं नाव विचारा. आम्ही त्या बाईचं विचारलं नव्हतं.