राखेची वाट

आपल्या घरांत दिवस सुरू होई तो राखेपासून. कालची राख चुलीतून ओढून काढावयाची, चुलीवर पोतेरे फिरवावयाचे आणि मगच विस्तव घालावयाचा. ह्या कामाची गणना कोणी कामात करीत नसे, कारण ते बायकांचे होते. राख मात्र वाया जात नसे. तिने भांडी घासली जात. परसातल्या केळीच्या बुंध्याशी ती पडे. कडधान्य साठविताना कीड लागू नये म्हणून ती त्यात मिसळली जाई. आणि शेणीची वस्त्रगाळ राख भस्म होऊन देवघरात जाई व तेथून कपाळी चढे. गोमंतकातील वाचकांस सांगावयास नको की, कोंकणीत राखेलाच ‘गोबर’ म्हणतात. इंदूर-ग्वाल्हेरकडचा आपला बांधव तोच शब्द ऐकून गोठ्याकडे पाहील! शेण, शेणी, राख आणि भस्म ही ज्या घरात एकाच वस्तूची चार रूपे होती, तेथे ह्या दोन अर्थांत फार अंतर राहत नाही.

अशा घरांतून आलेल्या माणसास, चुलीतील राख काढण्यासाठी कोणी यंत्र केले असेल, ह्याचेच प्रथम नवल वाटते. परंतु एकोणिसाव्या शतकात इंग्लंड आणि अमेरिका ह्या देशांत ह्या एका कामासाठी हलत्या जाळ्या, फिरत्या चाळण्या, जमिनीतील झडपा आणि तळघरातील राखेचे हौद असा मोठा प्रपंच उभा राहिला. ह्या प्रपंचाचे मूळ शोधू गेल्यास ते राखेच्या जातीपाशी जाऊन पोहोचते.

लाकडाची राख थोडी असते. शंभर शेर सुके लाकूड जाळले, तर मागे शेर-दोन शेर राख उरते; ती मऊ, पांढुरकी आणि क्षारयुक्त असते. हा क्षार पूर्वी साबणास आणि काचेस लागत असे. अमेरिकेतील संयुक्त संस्थानांनी दिलेले अगदी पहिले पेटंट, ३१ जुलै १७९० चे, सॅम्युअल हॉपकिन्स ह्यास मिळाले, ते राखेपासून क्षार काढण्याच्या कृतीबद्दल. आणि त्यावर सही आहे खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनची. अरण्ये तोडून शेते करणाऱ्या त्या देशात राख हा रोकड पैसा होता. रसायनशास्त्रातील ‘पोटॅशियम’ हे नावदेखील मूळचे हंड्यात उकळलेल्या राखेचेच.

दगडी कोळसा घरात आला आणि हा हिशेब फिरला. चांगल्या प्रतीच्या कोळशातही शंभरात पाचपासून पंधरापर्यंत भाग राख असते. ती करकरीत असते, तिच्यात वितळून गोठलेले खडे असतात, आणि क्षार म्हणून तिचा काडीचा उपयोग नाही. भांड्यास लावावी तर ओरखडे उमटतात. लाकडाची राख घरात मुरून जाई; कोळशाची राख घराबाहेर काढावी लागे, आणि तीही रोज घमेली भरभरून.

लंडन शहराने हे दुखणे सर्वांत आधी अनुभवले. तेथील भिंतीतल्या शेगडीस पुढे लोखंडी गज असत. राख गजांतून खाली पडे आणि पहाटे घर जागे होण्यापूर्वी मोलकरीण गुडघे टेकून ती खरडून काढी. श्रीमंतांच्या घरी अशा शेगड्या खोलीखोलीत. हॅना कलविक नावाच्या एका मोलकरणीने १८५४ पासून आपल्या कष्टांची रोजनिशी लिहून ठेवली, आणि ती आज छापून प्रसिद्ध आहे. शेगड्या साफ करणे आणि त्यांस काळे चकचकीत रोगण घासणे ह्यांचे उल्लेख तीत इतक्या वेळा येतात, की वाचणाऱ्याचेच हात दुखू लागावेत. सिंड्रेलेची गोष्ट आपल्या मुलांस ठाऊक असते, पण त्या नावाचा अर्थ ‘राखेतली पोर’ असा आहे हे सहसा कोणी सांगत नाही. फ्रेंच आणि जर्मन भाषांतही त्या मुलीच्या नावात राखच आहे. चुलीपाशी कोण बसते आणि राख कोणाच्या अंगावर उडते, ह्यावरून घरातील पायरी ठरत असे.

घराबाहेर पडलेली राख ठेकेदार नेत. आजही इंग्रजीत कचऱ्याच्या पेटीस धुळीची पेटी आणि कचरा नेणाऱ्यास धुळीचा माणूस म्हणतात. ही धूळ म्हणजे प्रामुख्याने कोळशाची राखच होय. ती राखेच्या वखारीत नेऊन चाळली जाई. हेन्री मेह्यू ह्याने १८५१ च्या सुमारास ह्या वखारींचे जे वर्णन केले आहे ते विसरता येत नाही: कंबरेपर्यंत राखेत रुतून उभ्या असलेल्या बायका, हातात लोखंडी चाळण्या, आणि वाऱ्याबरोबर तोंडावर येणारा लोट. चाळणीत वर राहिलेला अर्धवट जळका कोळसा वीटभट्टीचे इंधन होई, आणि खाली पडलेली बारीक राख विटेच्या मातीतच मळली जाई. त्यामुळे वीट आतूनही भाजून निघे. लंडनची प्रसिद्ध पिवळट वीट अशी घडली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही राख इतकी मोलाची होती की, ती उचलण्याच्या हक्कासाठी ठेकेदार वस्तीच्या पंचांस पैसे देत. पुढे भाव उतरला तेव्हा उचलून नेण्याबद्दल पंचांनाच ठेकेदारास पैसे द्यावे लागले. डिकन्सने १८६४-६५ मध्ये अशाच राखेच्या ढिगांच्या वारशाभोवती एक अख्खी कादंबरी रचली.

तोपर्यंत यंत्र म्हणावे असे घरात फारसे काही नव्हते. राखेतले अर्धवट जळके कोळसे परत चुलीत घालावेत म्हणून दांडा फिरवून चालणाऱ्या झाकणबंद चाळण्या मिळू लागल्या. त्यांनी धूळ कमी उडे, कष्ट कमी होत असे नाही. लीड्स शहरातील एक शस्त्रवैद्य, प्रिजिन टील, ह्यांनी १८८० नंतरच्या काळात शेगडीखालची पोकळी पुढून लोखंडी पत्र्याने झाकावी अशी युक्ती सुचविली. खालची जागा तापून राहिली की कोळसा सावकाश आणि पुरता जळतो, आणि उरते ती बारीक राख. शस्त्रवैद्याने शेगडीत लक्ष घालावे हे त्या काळास शोभणारे होते. घरातील हवा आणि माणसाची प्रकृती ह्यांचा संबंध तेव्हा नुकताच कळू लागला होता.

खरे यंत्र अमेरिकेत झाले, आणि तेही एका विशिष्ट कोळशामुळे. पेनसिल्व्हेनियात निघणारा अँथ्रासाइट हा कोळसा दगडासारखा कठीण. तो पेटतो कष्टाने, परंतु एकदा पेटला की धुराविना तासन् तास जळतो. स्केनेक्टडी येथील युनियन कॉलेजचे अध्यक्ष एलिफॅलेट नॉट ह्यांनी ह्या कोळशासाठी शेगड्या तयार केल्या आणि उष्णतेसंबंधी तीसएक पेटंटे घेतली. हे गृहस्थ पेशाने धर्मोपदेशक होते, आणि १८०४ पासून १८६६ पर्यंत, म्हणजे बासष्ट वर्षे, त्यांनी ते कॉलेज चालविले. पुढे अशा शेगड्या निघाल्या की, वरच्या नळकांड्यात कोळसा भरून ठेवावा आणि तो आपोआप खाली सरकत जावा. हिवाळ्याच्या आरंभी पेटविलेला विस्तव वसंत ऋतूपर्यंत विझावयाचा नाही.

येथेच अडचण उभी राहते. आपली चूल रात्री विझे, म्हणून सकाळी राख काढता येई. जो विस्तव विझवावयाचाच नाही, त्याच्या पोटातून राख काढावी कशी? अँथ्रासाइटला वारा खालून लागतो. जाळी राखेने बुजली की विस्तव गुदमरतो. वरून सळई खुपसून ढवळावे, तर निखाऱ्यांचा थर मोडतो आणि विस्तव मरतो. ह्यावर उपाय निघाला तो हलत्या जाळीचा. जाळीचे दातेरी गज आडव्या दांड्यांवर बसवून त्यांस बाहेरून एक मूठ जोडली. मूठ धरून झटके दिले की गज डोलतात, थराच्या तळची राख तेवढी दात्यांतून गळते, आणि वरचे निखारे आपली जागा न सोडता खाली बसतात. राखेच्या खणात लाल उजेड दिसू लागला की हात आवरावयाचा, एवढाच नियम. अधिक हलविले तर जिवंत निखारे फुकट जातात, कमी हलविले तर सकाळपर्यंत शेगडी थंड. मोठे खडे अडकले तर गज पुरते उलथता येतील अशीही सोय पुढे झाली. आमच्या मते चुलीच्या साऱ्या इतिहासात इतकी समजूतदार वस्तू दुसरी नाही, कारण तिने विस्तवास धक्का न लावता त्याचा मळ तेवढा काढला.

अखंड अग्नीची कल्पना आपणांस परकी नाही. अग्निहोत्री घरांत अग्नी वर्षानुवर्षे राखला जाई, आणि शिरडीच्या धुनीची राख उदी म्हणून भक्त घरोघर नेतात. तेथे राख हाच प्रसाद. अमेरिकन गृहस्थाच्या अखंड शेगडीतून मात्र रोज बादलीभर अशी वस्तू निघे, जी कोणास नको होती.

ती दृष्टिआड करण्याची युक्ती घर बांधणाऱ्यांनी काढली. भिंतीतल्या शेकोटीच्या तळाशी एक लहान बिडाचे झडप बसवावयाचे. ते आसावर फिरे. राख त्यात लोटली की ती धुराड्याच्या पायातील पोकळीतून सरळ तळघरात पडे आणि तेथे महिनोन् महिने साठे. मग कधीतरी खालचे लोखंडी दार उघडून ती फावड्याने काढावयाची. इंग्लंडातही १९३० नंतरच्या दशकात लँकाशरमधील बाक्सेंडेल घराण्याच्या कारखान्याने ‘बाक्सी’ नावाची शेगडी काढली. तीत हवा जमिनीखालच्या नळातून येई आणि राखेचा डबा जमिनीच्या पातळीखाली खोल बसे, म्हणून तो रोज उपसावा लागत नसे. पुढे वीज आली तेव्हा अँथ्रासाइटच्या काही भट्ट्यांत कोळसा घालणे आणि राख डब्यात लोटणे ही दोन्ही कामे मोटार करू लागली. मोलकरणीचे गुडघे सुटले. ह्या यंत्रांचे श्रेय कोणी त्यांस देत नाही, म्हणून येथे ते स्पष्ट लिहून ठेवतो.

परंतु तळघरातून पुढे काय? न्यूयॉर्क शहरात १८९५ मध्ये कर्नल जॉर्ज वेअरिंग ह्यांनी रस्ते-सफाईचे काम हाती घेतले, तेव्हा प्रत्येक घराने राख, खरकटे आणि इतर कचरा वेगवेगळ्या पिंपांत ठेवावा असा दंडक घातला. त्या राखेचे डोंगर क्वीन्स भागातील कोरोना येथील दलदलीवर रचले जाऊ लागले. स्कॉट फिट्झजेराल्ड ह्याने १९२५ च्या आपल्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ कादंबरीत जी राखेची दरी रंगविली, ती हीच. नंतर हे ढिगारे सपाट करून त्या जागी १९३९ चे जागतिक प्रदर्शन भरले, आणि महायुद्धानंतर त्याच आवारातील एका इमारतीत संयुक्त राष्ट्रांची आमसभा बसू लागली. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांवर होणाऱ्या अन्यायाचा प्रश्न विजयालक्ष्मी पंडित ह्यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळाने ज्या सभेपुढे लढविला, आणि ८ डिसेंबर १९४६ रोजी ३२ विरुद्ध १५ मतांनी जिंकला, ती सभा ह्याच फ्लशिंग मेडोजच्या भूमीवर भरली होती. विजयालक्ष्मीबाईंचे सासर मूळचे कोकणातले, हे आमच्या वाचकांस आवर्जून सांगावेसे वाटते. घरोघरच्या शेगड्यांतील राखेवर आपल्या देशाचा तो पहिला मोठा विजय नोंदला गेला.

त्यानंतर ही सारी यंत्रे लवकरच अडगळीत गेली. लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मध्ये धुरकट धुक्याने हजारो माणसे दगावली, १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला, आणि गॅस, तेल व वीज ह्यांनी कोळशाची जागा घेतली.

आपल्याकडे शहरांतून कोळसा आला तो शेगडीत आणि बंबात. तांब्याच्या बंबाची रचना आता विसरत चालली आहे म्हणून सांगतो: भोवती पाणी, मध्ये उभी नळी, नळीच्या तळाशी जाळी आणि जाळीखाली राखेची जागा. वरून कोळसा, लाकडाच्या ढलप्या किंवा नारळाच्या करवंट्या टाकावयाच्या. करवंटीची राख चिमूटभर. कोळशाची मात्र रोज ओंजळभर उपसावी लागे. ह्यास कारण आहे. हिंदुस्थानातील सर्वसाधारण कोळशात शंभरात तीस ते चाळीस भाग, आणि कधी त्याहूनही अधिक, राखच असते. म्हणजे अमेरिकन गृहिणी ज्या राखेने त्रासली, तिच्या तिप्पट-चौपट राख आपल्या कोळशाच्या पोटात आहे. पुढे घरोघर गॅस आला आणि शहरांतील बायकांची ह्यातून सुटका झाली.

तोच कोळसा आता औष्णिक वीजकेंद्रांत जळतो. तेथे राख काढावयास मूठ हलवावी लागत नाही. धुरातील कण विजेच्या जोरावर पकडले जातात, तळची राख पाण्यात कालवून नळांनी मैलोगणती दूर तळ्यांत सोडली जाते. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळा येथील अशा एका तळ्याचा बांध फुटला आणि राखेचा चिखल आसपासच्या शेतांत व ओढ्यांत शिरला. त्या शेतकऱ्यांच्या दारात आलेली राख कोणाच्या दिव्याची होती, हे कोण सांगणार? १४ सप्टेंबर १९९९ रोजी केंद्र सरकारने फर्मान काढले की, वीजकेंद्रांच्या पन्नास किलोमीटरच्या आतील वीटभट्ट्यांनी मातीत ही राख मिसळलीच पाहिजे. पुढे ही मर्यादा शंभर किलोमीटरांपर्यंत नेण्यात आली. लंडनच्या राखेच्या वखारीतून निघालेली वाट अशी फिरून विटेपाशी आली.

आता अनेक गावी नव्या घरांच्या भिंतींस ही करड्या रंगाची वीट दिसते. आत ओट्यावर गॅसची शेगडी असते, भांडी घासावयास साबणाची वडी असते, आणि देवघरातील भस्म पुडीतून विकत येते.