रात्रपाळीची ओळ



मागच्या हिवाळ्यात माझी आई इथल्या एका हॉस्पिटलात नऊ दिवस होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. दर काही तासांनी नर्स यायची आणि विचारायची, दुखणं शून्य ते दहामध्ये किती? मी मराठीत सांगायचे. आईचं उत्तर ठरलेलं, "काही नाही गं, ठीक आहे." मग स्क्रीनवर शून्य. तिसऱ्या रात्री एका नर्सने त्या शून्याखाली एक ओळ लिहिली : दुखत नाही म्हणतात, पण कुशीवर वळवताना पलंगाची कड घट्ट धरतात. सकाळच्या नर्सने ती मला वाचून दाखवली आणि आईला वळवायच्या अर्धा तास आधी गोळी दिली. त्या दिवशी आई पहिल्यांदा पोटभर जेवली.

असली ओळ लिहायची रीत आली कुठून, ते आज बघू.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी नर्सिंगवरच्या आपल्या पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणावर एक सबंध प्रकरण लिहिलं आहे. 'रात्र बरी गेली का?' या प्रश्नाचा त्यांना भारी राग. किती तास झोप लागली आणि कधी, ते विचारा, असं त्यांचं म्हणणं. आईच्या शून्याचं दुखणं त्यांना दीडशे वर्षांपूर्वीच कळलं होतं म्हणायचं!

अमेरिकेत ही रीत रुजवण्याचं श्रेय लिंडा रिचर्ड्स यांना देतात. बॉस्टनच्या न्यू इंग्लंड हॉस्पिटलमधून १८७३ साली त्या शिकून बाहेर पडल्या. अमेरिकेची पहिली प्रशिक्षित नर्स म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. शिकताना मात्र औषधांच्या बाटल्यांवर नुसते आकडे असायचे. कोणतं औषध देतोय, हे नर्सला कळू द्यायचं नाही! त्यानंतर त्या न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलात रात्रपाळीच्या प्रमुख झाल्या आणि प्रत्येक रुग्णाची वेगळी लेखी नोंद ठेवण्याची पद्धत त्यांनी घातली. जिला औषधाचं नाव कळू देत नव्हते, तिने रात्रीचा वृत्तांत सकाळच्या हाती लेखी द्यायला सुरुवात केली. आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात पदवीधर झाल्या त्या १८८६ साली, म्हणजे हे सगळं त्याच काळातलं.

पुढे या कागदाला कोर्टाचा वास लागला. इलिनॉय राज्यात चार्ल्स्टन नावाचं गाव आहे. नोव्हेंबर १९६० मध्ये कॉलेजच्या फुटबॉल सामन्यात अठरा वर्षांच्या एका मुलाचा पाय मोडला. गावच्या हॉस्पिटलात प्लास्टर घातलं. थोड्याच वेळात पायाची बोटं सुजली, काळी पडली, मग गार आणि बधिर झाली. दोन आठवड्यांनी त्याला सेंट लुईसला हलवलं, तेव्हा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. हा डार्लिंग खटला. १९६५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हॉस्पिटलला जबाबदार धरणारा निकाल कायम केला. नर्सेसनी पायातलं रक्ताभिसरण पुरेशा वेळा तपासलं नाही असा निष्कर्ष ज्युरीला काढता येतो, आणि डॉक्टर हलत नसेल तर वर कळवणं हे नर्सचं कर्तव्य आहे, असं न्यायालयाने म्हटलं.

माझ्या मते हा निकाल नर्सच्या डोळ्यांचा मान राखणारा होता. पण त्यासोबत धाकही आला. 'लिहिलं नाही, तर केलंच नाही' हे वाक्य इथल्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना पाठच असतं. नोंद दुसऱ्या नर्ससाठी होती, ती हळूहळू वकिलासाठी आणि विमा कंपनीसाठीही झाली.

मग कॉम्प्युटर आला. २००९ च्या हायटेक कायद्याने केंद्र सरकारने त्यासाठी पैसा ओतला आणि काही वर्षांत जवळजवळ सगळ्या हॉस्पिटलांत कागदी चार्ट गेला. अक्षर लागत नाही ही तक्रार संपली, औषधांच्या चुका पकडणं सोपं झालं. पण आपल्या मंडळींपैकी जी नर्सिंगमध्ये आहेत त्यांना विचारा. एकच गोष्ट तीन ठिकाणी भरायची, चौकटींवर टिचक्या मारायच्या, आणि रुग्णाकडे पाठ करून बसायचं. शिफ्ट संपल्यावर थांबून चार्ट पुरा करायचा तो वेगळाच. २०२१ साली कोलंबिया विद्यापीठाच्या पुढाकाराने एक परिषदमालिका झाली. नोंदींचं ओझं २०२५ पर्यंत पाऊण टक्के नव्हे, तब्बल पंच्याहत्तर टक्क्यांनी कमी करायचं, असा तिचा निर्धार होता. माझ्या ओळखीची एक नर्स त्यावर नुसती हसली. "लिहिणं नको असं नाही गं," ती म्हणाली. "जे बघितलं ते लिहायला चौकट नसते, एवढंच."

आई घरी आल्यावर मी हॉस्पिटलचं पोर्टल उघडलं. तपासण्या होत्या, डॉक्टरांचा सारांश होता, ती ओळ नव्हती. पूर्ण रेकॉर्ड मागण्याचा हक्क इथल्या कायद्याने रुग्णाला आहे. नर्सिंगच्या नोंदी हव्यात असं स्पष्ट लिहून आईच्या सहीने अर्ज केला. चांगला जाडजूड गठ्ठा आला. शून्य, शून्य, शून्य अशी पानं उलटत गेले आणि मधेच सापडली. तिसरी रात्र, पहाटेचे ३ वाजून १२ मिनिटं. मी ती आईला मराठीत वाचून दाखवली.

"बघत होती होय ती?" आई म्हणाली.