परत त्याच घाटावर आणणारी नाव

नाव म्हटली की ऐलतीर आणि पैलतीर आलेच. उतारू पैसे मोजतो ते पलीकडे पोचण्याचे; वाटेत दिसलेले पाणी आणि आभाळ वरकड. जबलपूरजवळ नर्मदेवरच्या भेडाघाटची नाव या हिशेबात बसत नाही. पंचवटी घाटावर माणसे तिच्यात बसतात, नावाडी वल्ही मारत तिला संगमरवरी कड्यांच्या मधून प्रवाहाविरुद्ध नेतो आणि अखेर पुन्हा पंचवटीलाच आणून उतरवतो. ही मुळात उताऱ्याचीच नाव, पर्यटनाने तिची करमणूक करून टाकली, असे सहज बोलले जाते. मला ते पटत नाही. या घळीत पाहण्यासाठीची नाव हीच खरी नाव आहे, आणि इथल्या नावाड्याचे कसब तिनेच जगवले आहे.

जागाच पाहा. वरच्या अंगाला धुआंधार. त्या धबधब्यावरून कोणतीही नाव खाली येणे शक्य नाही. त्याखाली सुमारे तीन किलोमीटर नदी शंभर-शंभर फुटी कड्यांत कोंडलेली. गाडी, बैल, धान्याची पोती उतरवायला सपाट काठ हवा, तो इथे नाही. म्हणून वाटांनी दुसरे घाट शोधले. नागपूरहून जबलपूरला येणारा रस्ता तिलवारा घाटाला नर्मदा ओलांडतो, भेडाघाटला नाही. बंदरकूदनीपाशी कडे इतके जवळ येतात की पुलाचा मोह व्हावा, आणि तो झालाही होता. 1870 साली मुंबईकडची आणि अलाहाबादकडची रेल्वे जबलपूरला जोडली गेली. त्याआधी पुलाच्या पाहणीसाठी दोन युरोपीय अभियंते या घळीत आले होते. कड्यावरच्या आग्यामोहोळाने त्यांच्यावर हल्ला केला, आणि त्यातला एक पाण्यात बुडून मेला. रेल्वेचा पूल पुढे घळीबाहेर झाला.

माझ्या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा शिलालेखाचा आहे. कलचुरी राणी अल्हणदेवीचा भेडाघाटचा लेख कलचुरी संवत 907 चा, म्हणजे 1155 चा. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी 1955 साली कलचुरी-चेदी लेखांचा जो मोठा संग्रह सिद्ध केला, त्यात तो आहे. शिवाचे मंदिर, मठ आणि अध्ययनशाला बांधून राणीने त्यांच्या खर्चासाठी दोन गावे दिली, आणि त्यांतले एक नर्मदेच्या दक्षिण तीरावरचे. मंदिर उत्तर तीरावर, उत्पन्न दक्षिणेकडून. मग नदी ओलांडल्याशिवाय मठाची चूल पेटणार कशी? हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. आठशे वर्षांपूर्वीही या परिसरात उतारा असलाच पाहिजे. पण तो घळीच्या आत असू शकत नाही, कारण कड्याच्या पायथ्याशी पोते टेकवायला जागा नाही. उताऱ्याची नाव घळीबाहेरच्या मोकळ्या पात्रातली. कड्यांमधून जाणाऱ्या नावेची वंशावळ निराळी मानावी लागते.

दोघींचे पुढे काय झाले, यावरूनही हे दिसते. 1878 च्या नॉर्दर्न इंडिया फेरीज कायद्याने सरकारी उताऱ्याच्या दोन मैलांच्या आत परवानगीवाचून दुसरा उतारा चालवायला बंदी घातली. उतारा लिलावाने मक्त्यावर देण्याचीही सोय त्यात होती. त्यामुळे उताऱ्यावर जगणारा नावाडी मक्तेदाराच्या हाताखाली गेला, आणि पूल झाला त्या दिवशी त्याचे काम संपले. घळीतल्या नावाड्याला पुलाचे भय नव्हते, कारण त्याच्या उतारूला पलीकडे जायचेच नव्हते.

ही पाहण्याची हौस साहेबाने आणली, असे कुणी म्हणेल. त्यात अर्धे तथ्य आहे. जेम्स फोर्साइथचे मध्य भारतातील डोंगरांवरचे पुस्तक 1871 साली निघाले. त्यात शुभ्र दगडातल्या काळ्या-हिरव्या शिरा आणि त्यांवरचा उन्हाचा खेळ मन लावून वर्णिला आहे, आणि पुढच्या प्रवाशांनी तेच डोळे उसने घेतले. पण नदी न ओलांडता तिच्या सोबतीने जाणे ही रीत साहेबाची नाही. नर्मदेची परिक्रमा करणाराला तिचे पात्र ओलांडण्याची मुभा नाही. नावेत तो बसतो तो एकदाच, अगदी मुखाशी, विमलेश्वराहून मिठी तलाईला जाताना. गोनीदांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ वाचलेल्या मराठी माणसाला हे वेगळे सांगायला नको. जिथे न ओलांडणे हेच व्रत, तिथे त्याच काठावर परत आणणारी नाव परकी कशी म्हणावी? ती परिक्रमा नव्हे, हे खरे. पण तिची चाल या नदीच्या ओळखीची आहे.

आणि तिचे कसब दुय्यम नाही. नावाडी वल्ही मारता मारता तुकबंदीत कड्यांवरचे आकार दाखवत जातो, बोलणे न तोडता भोवरा टाळतो आणि अरुंद जागी नाव खडकाला न लागू देता वळवतो. पावसाळ्यात नर्मदा फुगली की नावा बंद, मग या घरांची कमाईही बंद. म्हणून ठरलेल्या भाड्यावर फार घासाघीस करू नका. आणि आग्यामोहोळे आजही त्या कड्यांना लटकलेली आहेत: नावेत विडी-सिगारेट पेटवू नका, आरडाओरडा करू नका.