आडवी बाटली आणि मतदारयादी

नगर-मनमाड महामार्गावरच्या राहात्यात नगरपरिषद आहे; पण 1949च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्यपरवाना देणे वा काढून घेणे राज्यशासनाच्या हाती. लोकांना बोलायची वाट मिळाली ती मार्च 2008च्या आदेशाने. एक चतुर्थांश स्त्री-मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली, की गुप्त मतदान. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. गावाप्रमाणे वॉर्डालाही हा हक्क आहे.

मेख मोजणीत आहे. झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला लागतात. ऊसतोडीला गेलेली, यादीतून न वगळलेली मयत, अशा प्रत्येकीची गैरहजेरी दुकानदाराच्या पथ्यावर पडते. याच जिल्ह्यातील निघोजच्या स्त्रियांनी 2016मध्ये आडवी बाटली निवडली. अशी लढाई प्रचाराइतकीच मतदारयादीच्या दुरुस्तीवर ठरते.