तुरटीचा खडक आणि निवळ पाणी

पावसाळ्याच्या पहिल्या दिवसांत विहिरीचे पाणी गढूळ झाले, की आमच्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया तुरटीचा खडा हंड्यातल्या पाण्यात दोन-चार वेळा फिरवीत. घटकाभरात गाळ तळाशी बसे आणि वरचे पाणी काचेसारखे निवळ दिसू लागे. ही तुरटी येते कोठून, हा प्रश्न लहानपणी आम्हांला कधी पडला नाही. वाण्याच्या दुकानातून येते, एवढे उत्तर पुरेसे होते. पुढे इतिहासाची पाने चाळताना तिचा माग काढीत आम्ही थेट बाल्टिक समुद्राच्या काठापर्यंत जाऊन पोहोचलो (पुस्तकांतून, हे वेगळे सांगणे नलगे). तेथे एक विलक्षण विसंगती समोर आली. जी वस्तू पाणी निवळते, तिच्याच खडकाने शेकडो वर्षे पाणी नासवले आहे. खाणी बंद पडल्या, कंपन्या विराल्या, राज्येही बदलली. ते नासणे मात्र थांबलेले नाही.

तुरटीचे पूर्वीचे महत्त्व आज ध्यानी येणे कठीण आहे. कापडावर रंग पक्का बसविण्यासाठी आणि कातडे कमावण्यासाठी ती लागे. तिच्यावाचून युरोपातील लोकरीचा व्यापार लंगडा पडला असता. मध्ययुगात ती मुख्यतः आशिया मायनरमधून येई. १४५३ साली कॉन्स्टँटिनोपल पडले आणि लवकरच या व्यापाराच्या किल्ल्या तुर्की सुलतानाच्या हाती गेल्या. अशा वेळी, १४६१ च्या सुमारास, जोव्हान्नी दा कास्त्रो नावाच्या गृहस्थाला रोमच्या वायव्येस तोल्फाच्या डोंगरांत तुरटीचा दगड सापडला. पोप दुसरे पायस यांनी ही घटना आपल्या आठवणींत मोठ्या आनंदाने नोंदविली आहे. या खाणींचे उत्पन्न तुर्कांविरुद्धच्या धर्मयुद्धासाठी राखून ठेवण्यात आले आणि तुर्की तुरटी विकत घेणाऱ्या ख्रिस्ती व्यापाऱ्यांना धर्मदंडाची भीती घालण्यात आली. १४६६ साली फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याने या व्यापाराचा मक्ता घेतला. श्रद्धा आणि बाजारभाव यांची एवढी सरमिसळ झालेली वाचताना आम्हां कॅथलिकांना थोडे ओशाळल्यासारखे होते, हे कबूल केलेले बरे.

तोल्फाचा दगड ज्वालामुखीच्या प्रदेशातला. तो शेल नव्हे. परंतु सोळाव्या शतकात इंग्लंड आणि उत्तरेकडील राज्ये रोमपासून दुरावली, तेव्हा पोपच्या तुरटीवर विसंबणे त्यांना परवडेना. आपल्याच भूमीत तुरटी मिळवायची, तर तेथे उपलब्ध होता तो शेल, म्हणजे पाटीसारखा थराथरांनी सुटणारा काळा खडक. सतराव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंडमधील यॉर्कशरच्या समुद्रकड्यांत हा उद्योग सुरू झाला. याविषयी एक कथा सांगतात. गिझबरोचे सर टॉमस चॅलोनर यांनी पोपच्या कारखान्यातील कारागीर पिंपांत लपवून इंग्लंडला पळवून नेले आणि पोपनी त्यांना घोर शाप दिला, अशी ती कथा आहे. तिला विश्वसनीय आधार नाही. इतिहासकार ती दंतकथाच मानतात.

शेलमधून तुरटी काढण्याची रीत मोठी कष्टाची होती. कडा फोडून खडक खाली आणायचा, त्याचे डोंगराएवढे ढीग रचायचे आणि ते महिनोन् महिने धुमसत ठेवायचे. मग तो भाजलेला खडक हौदांत भिजवून त्यातील क्षार पाण्यात उतरवायचे. तो रस शिशाच्या कढयांत आटवायचा आणि त्यात समुद्रशेवाळाची राख किंवा शिळे मूत्र मिसळायचे. हे मूत्र लंडनहून पिंपे भरभरून गलबतांनी येई! एक टन तुरटीसाठी सुमारे पन्नास टन, काही ठिकाणी त्याहूनही अधिक खडक खर्ची पडे. उरलेला चोथा समुद्रात नाही तर दरीत. लंडनच्या टॉवरजवळ तुरटीची एक भट्टी निघाली, तेव्हा १६२७ साली रहिवाशांनी दुर्गंधीविषयी आणि थेम्सच्या पाण्याविषयी राजदरबारी गाऱ्हाणे मांडले. राजधानीजवळच्या लोकांचे गाऱ्हाणे निदान कागदावर तरी आले. दूरच्या ओढ्याकाठी राहणाऱ्यांचे कोणी लिहून ठेवले असेल असे वाटत नाही. यॉर्कशरच्या शेवटच्या भट्ट्या १८७१ साली विझल्या. त्या कड्यांवरील तांबड्या चोथ्यावर आजही कित्येक ठिकाणी धड गवत उगवत नाही.

हे असे का होते, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. ज्या काळ्या शेलपासून तुरटी होते, तो प्राणवायू नसलेल्या समुद्राच्या तळाशी साचलेला चिखल होय. त्यात मेलेल्या जीवांचे तैलयुक्त अवशेष असतात, गंधक आणि लोह यांचे संयुग असलेले पायराइट हे सोनेरी खनिज असते आणि पाण्यातून खाली बसलेले नाना धातूही असतात. जमिनीच्या पोटात हा खडक कोट्यवधी वर्षे निमूट पडून असतो. त्याला फोडून हवा आणि पाणी दाखविले, की पायराइट गंजू लागते व गंधकाम्ल तयार होते. हे आम्ल खडकातील धातू विरघळविते. सूक्ष्म जंतू या कामाला आणखी वेग देतात. तुरटी तयार होण्याचे मूळ कारणही हीच क्रिया. कारागीर तिचा उपयोग करून घेत होता, एवढेच. कारखान्याला टाळे लावता येते. परंतु फुटलेला खडक पुन्हा जमिनीच्या पोटात जाऊन निमूट बसत नाही. त्यातील पायराइट संपेपर्यंत प्रत्येक पावसाबरोबर तो थोडा थोडा झिरपत राहतो, आणि हा हिशेब शतकांत करावा लागतो.

या खडकाला ‘तुरटीचा शेल’ असे नावच पडले, ते स्वीडनमध्ये. तेथील शेल यॉर्कशरच्या शेलहून फार प्राचीन, सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वीचा आहे. दक्षिणेकडील आंद्रारुम येथे १६३७ साली तुरटीचा कारखाना निघाला. तो प्रांत तेव्हा डेन्मार्कच्या राज्यात होता. १६५८ मध्ये तो स्वीडनकडे गेला, आणि भट्ट्या चालूच राहिल्या. अठराव्या शतकात क्रिस्टिना पिपर या कर्तबगार सरदार-विधवेने तो कारखाना भरभराटीस आणला. सुप्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ लिनेयस यांनीही १७४९ च्या आपल्या प्रवासात तो पाहिला. १९१२ मध्ये तेथील काम थांबले. जळक्या शेलच्या तांबड्या टेकड्या मात्र आजही रानात उभ्या आहेत.

आंद्रारुमची गोष्ट तेथेच संपली असती, तर आम्ही हा लेख लिहिला नसता. १९४० साली जर्मनांनी नॉर्वे व्यापला आणि स्वीडनचा समुद्रमार्ग जवळजवळ बंद झाला. तटस्थ देशालाही तेलावाचून चालेना. तेव्हा शेलमधील तैलांशाची आठवण झाली. कुम्ला गावाजवळील क्वार्नटॉर्प येथे शासनाच्या पुढाकाराने कंपनी स्थापन होऊन १९४१ पासून शेलमधून तेल गाळणे सुरू झाले. उघड्या खाणींतून खडक काढून भट्ट्यांत तापवीत. शिवाय फ्रेड्रिक ल्युंगस्ट्रॉम या संशोधकाच्या पद्धतीने जमिनीत भोके पाडून विजेच्या उष्णतेने खडक जागच्या जागीच भाजून काढीत आणि वर येणारी तेलाची वाफ थंड करून घेत. देशाच्या अडचणीच्या काळात हजारो मजुरांच्या श्रमांनी उभे राहिलेले हे काम होते. त्याची हेटाळणी करण्याचा आमचा हेतू नाही. युद्ध संपले, परदेशी तेल स्वस्त झाले आणि १९६६ मध्ये कारखाना बंद पडला.

मागे उरला तो सुमारे १०० मीटर उंचीचा, राखेचा आणि शेलच्या चुऱ्याचा डोंगर. सपाट शेतीच्या मुलखात तो मैलोगणती अंतरावरून दिसतो. त्या चुऱ्यात तैलांश शिल्लक असल्यामुळे डोंगर आतून धुमसत राहिला. काम थांबून अर्धे शतक उलटले, तरी त्याच्या पोटात काही ठिकाणी शेकडो अंश उष्णता आहे. पाऊस पडला की अंगातून वाफा निघतात. १९९८ पासून त्यावर शिल्पे मांडण्यात आली असून लोक सहलीसाठी वर चढतात. डोंगराच्या पायथ्याशी झिरपणाऱ्या पाण्याची तपासणी मात्र वेगळेच सांगते. आर्सेनिक, निकेल, मॉलिब्डेनम आणि युरेनियम ही त्या पाण्याच्या संदर्भात येणारी नावे आहेत.

खाणींच्या खड्ड्यांत पाणी भरून तेथे तळी झाली. त्यांपैकी एकाला तेथील लोकांनी ‘आंबट डबके’ अशा अर्थाचे नाव दिले. नावातच निदान आले. पण आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्या, नॉर्टॉर्प तळ्याने. त्याचे पाणी इतके निवळ आहे, की पाणबुडे मुद्दाम तेथे बुड्या मारावयास येतात. हे कसे? आम्लाने शेलमधून सोडवलेले ॲल्युमिनियम हंड्यातील तुरटीप्रमाणेच गाळ खाली बसविते. म्हणून पुष्कळशी आम्लयुक्त तळी आरशासारखी दिसतात. जेथे शेलवर चुनखडीचे थर असतात, तेथे चुना आम्ल मारतो, लोह खाली बसते आणि तांबडा रंगही दिसत नाही. परंतु युरेनियम आणि मॉलिब्डेनम हे धातू अशा चुनखडीच्या पाण्यातही विरघळलेले राहतात. डोळ्यांना त्यांची चाहूल लागत नाही. आजीच्या हंड्यातील पाणी निवळ झाले, की ते शुद्ध झाले अशी आमची समजूत होती. ती समजूत आमच्यापुरती आम्ही येथे मागे घेतो. नदीचा रंग बदलला तर गाव ओरड करते. निवळ पाण्याविरुद्ध अर्ज घेऊन कोण जाणार?

त्याच देशात बिलिंगेन नावाचे पठार आहे. त्याच्या पायथ्याशी वार्नहेम येथे बाराव्या शतकात सिस्टर्शियन मठवासीयांनी मठ उभारला होता. याच पठाराच्या शेलमध्ये टनामागे सुमारे ३०० ग्रॅम युरेनियम आढळले आणि १९६५ मध्ये रान्स्टाड येथे ते काढण्याचा शासकीय कारखाना सुरू झाला. खडक भरडून त्यावर गंधकाम्ल सोडीत. जगाच्या बाजारात युरेनियम स्वस्त मिळू लागल्याने अवघ्या चार वर्षांत, १९६९ साली, तोही थांबला. मागे राहिला तो सुमारे १५ लाख टन चोथा. १९७० च्या दशकात तेथे पुन्हा खाणकाम काढण्याचा बेत झाला, तेव्हा आसपासच्या नगरपालिकांनी आपला नकाराधिकार वापरून तो हाणून पाडला. पुढे १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत चोथ्यावर मातीचे जाड आच्छादन घालण्यात आले, खाणीत पाणी भरू दिले आणि झिरपणारे पाणी गोळा करून त्यावर प्रक्रिया करण्याची व्यवस्था झाली. चार वर्षांच्या उत्पादनासाठी कित्येक दशकांची राखण! बाल्टिकच्या पलीकडे एस्टोनियात सिल्लामाए येथे सोव्हिएत राजवटीने १९४८ पासून काही वर्षे अशाच शेलमधून युरेनियम काढले. तेथील चोथ्याचा साठा नंतर समुद्राच्या अगदी काठावर झाला. तो झाकण्याचे काम २००८ साली पुरे झाले. पैसा नव्या एस्टोनियाने आणि शेजारी युरोपीय देशांनी घातला. ज्या राजवटीने तो साठा केला, ती त्या वेळी अस्तित्वातच नव्हती.

या ठिकाणांचे हिशेब पाहताना एक गोष्ट पुनःपुन्हा खटकते. तुरटीचा, तेलाचा, युरेनियमचा भाव ठरविताना खडक फोडण्याची मजुरी धरली होती, इंधन धरले होते, लंडनहून आलेल्या मूत्राचे भाडेसुद्धा धरले होते. खालच्या अंगाच्या ओढ्याचा मात्र कोणी खर्च धरला नाही. कोणी दुष्ट होते म्हणून नव्हे. आंद्रारुमच्या कारागिराला ते ठाऊकच नव्हते. क्वार्नटॉर्पच्या अभियंत्यांना थोडेफार ठाऊक असावे, पण दाराशी युद्ध होते. रान्स्टाडच्या वेळी मात्र अज्ञानाची सबब उरली नव्हती, असे आमचे मत आहे.

क्वार्नटॉर्पच्या डोंगराविषयी जाणकारांना आता एक नवीच चिंता लागून राहिली आहे. आजवर आतल्या उष्णतेमुळे पावसाचे बरेचसे पाणी वाफ होऊन उडून जाई. डोंगर हळूहळू निवत चालला आहे. तो पुरता थंड झाला, की पाऊस थेट तळापर्यंत मुरेल आणि आज झिरपतात त्याहून अधिक धातू घेऊन बाहेर पडेल, अशी त्यांना भीती वाटते. म्हणून तेथे नळ्या पुरून उष्णता मोजतात, पायथ्याच्या पाण्याचे नमुने भरून नेतात, आणि डोंगर अजून किती वर्षे धुमसेल याचा अंदाज बांधीत असतात.